टीव्हीवर 'काहीच येत नाही': जुना व्हीसीआर, डीव्हीडी प्लेअर आणि केबल बॉक्स जोडताना

कॅसेट आत जाते, यंत्र फिरल्याचा आवाज येतो, समोरच्या छोट्या डिस्प्लेवर आकडे पळायला लागतात आणि टीव्हीवर काहीच येत नाही. किंवा येतं, पण काळं-पांढरं. किंवा रंग ठीक असतात, पण चित्र मध्येच अंधारतं आणि पुन्हा उजळतं. एकदा मार्गी लावलेला हा त्रास टीव्ही बदलला, केबलचा बॉक्स बदलला, अगदी धूळ पुसायला टेबल पुढे ओढलं तरी परत उगवतो.

अशा वेळी बहुतेकांचा हात थेट टीव्हीच्या पाठीमागे जातो. सगळ्या वायरी उपटायच्या, पुन्हा खोचायच्या आणि देवावर हवाला ठेवायचा. माझा आग्रह वेगळा आहे: वायरींना हात लावण्याआधी पडद्याकडे नीट बघा. मुंग्या, 'नो सिग्नल'ची पाटी, कोरा काळा पडदा, निळा पडदा ही चार लक्षणं चार वेगळ्या ठिकाणी बोट दाखवतात. ती वाचता आली की निम्म्या वेळा टीव्ही हलवावाही लागत नाही.

'काहीच' म्हणजे नक्की काय?

मुंग्या आणि खरखर असेल, तर टीव्ही अजून अँटेनाच्या सॉकेटवर बसलेला आहे. तुमची पिवळी-पांढरी-लाल वायर बरोबर लागलेली असेलही, पण टीव्ही तिच्याकडे बघतच नाही. रिमोटवर 'सोर्स', 'इनपुट', 'एव्ही' किंवा 'टीव्ही/व्हिडिओ' असं काहीतरी बटण असतं. ते दाबत एकेक इनपुट फिरा आणि प्रत्येकावर चार-पाच सेकंद थांबा. नव्या टीव्हींना सिग्नल पकडायला थोडा वेळ लागतो, आणि भराभर बटण दाबणाऱ्याच्या हातून बरोबर इनपुट निसटून जातं.

'नो सिग्नल' अशी पाटी फिरत असेल, तर टीव्ही कुठल्यातरी बाहेरच्या इनपुटवर आहे, पण तिथे काही पोचत नाही. प्लेअर बंद आहे, वायर शेजारच्या इनपुटला लागली आहे किंवा प्लेअरच्या बाजूला ती चुकीच्या सॉकेटमध्ये आहे.

पडदा काळा आहे पण कुठलीच पाटी नाही, ही परिस्थिती वेगळी. इथे टीव्हीला सिग्नल मिळतोय, पण त्यात चित्र नाही. केबल बॉक्स झोपलेला असेल, प्लेअर भलत्याच इनपुटवर असेल किंवा एचडीएमआयच्या वाटेत कॉपी-संरक्षण आडवं आलं असेल. वायर बदलून उपयोग नाही. यंत्रांच्या सेटिंगमध्ये शोधा.

निळ्या पडद्याचे मालक दोन असू शकतात. काही टीव्ही सिग्नल नसला की स्वतःच निळे होतात, आणि बरेच व्हीसीआर कॅसेट कोरी असली किंवा चित्र वाचता आलं नाही की स्वतःचा निळा पडदा पाठवतात. कोणाचा आहे ते कळायला व्हीसीआर बंद करून बघा. निळा पडदा गेला किंवा बदलला, तर तो व्हीसीआरचा होता. म्हणजे व्हीसीआरपासून टीव्हीपर्यंतची वाट धडधाकट आहे आणि गडबड कॅसेटमध्ये किंवा यंत्राच्या पोटात आहे.

याच जातीची आणखी एक चाचणी आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात उपयोगी. कॅसेट सुरू केल्यावर बरेच व्हीसीआर पडद्याच्या कोपऱ्यात 'प्ले' किंवा काउंटरचे आकडे दाखवतात. ही अक्षरं टेपवरून येत नाहीत, यंत्र स्वतः ती चित्रावर चढवतं. अक्षरं स्वच्छ, स्थिर आणि मागचं चित्र मात्र मुंग्यांनी भरलेलं असेल, तर वायरी बरोबर आहेत. हेड (टेप वाचणारा भाग) घाण झालं आहे किंवा ट्रॅकिंग (हेड टेपवर नेमक्या जागी पडणं) हललं आहे. अक्षरंही चित्रासारखीच थरथरत आणि फाटत असतील, तर वायर, सॉकेट, ट्युनिंग यांच्याकडे वळा.

'आउट'कडून 'इन'कडे

एव्ही म्हणजे चित्र-आवाजाच्या जोडणीतला सिग्नल एकाच दिशेने जातो: देणाऱ्या यंत्राच्या 'आउट'मधून घेणाऱ्याच्या 'इन'मध्ये. सांगायला सोपं, पण व्हीसीआरच्या पाठीवर दोन्ही संच असतात, अगदी सारख्या रंगाचे, एकमेकांना खेटून. अंधारात हात घालून पिन खोचली की ती 'इन'मध्ये जायची शक्यता निम्मी. त्यात काही व्हीसीआरना पुढच्या बाजूलाही झाकणाखाली एक 'इन' संच असतो. तो कॅमकॉर्डर लावण्यासाठी असतो. टीव्हीकडे त्यातून काही जात नाही.

टॉर्च घ्या आणि सॉकेटखालची अक्षरं वाचा. रंग बघून जोडू नका, अक्षरं वाचून जोडा.

पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या आवाजाची. वायरीच्या आत तिन्ही तारा साधारण सारख्याच असतात, त्यामुळे पिवळी तुटली असेल तर तात्पुरती लाल तार चित्रासाठी वापरून बघायला हरकत नाही, दोन्ही टोकांना तीच लावली म्हणजे झालं. चित्राची पिन चुकून आवाजाच्या सॉकेटमध्ये गेली तर स्पीकरमधून जोरात घुर्रर्र ऐकू येतं. त्याने यंत्र बिघडत नाही, आवाज कमी करून पिन बदला.

खरा घोळ लाल रंगाचा. कॉम्पोनंट जोडणीत चित्रच तीन तारांतून जातं, हिरव्या, निळ्या आणि लाल. म्हणजे टीव्हीच्या पाठीवर दोन लाल सॉकेट असू शकतात, एक चित्राचं आणि एक आवाजाचं. डीव्हीडी प्लेअर कॉम्पोनंटने जोडल्यावर चित्राचा रंग विचित्र आणि आवाज एकाच बाजूने येत असेल, तर या दोन लाल पिना हमखास एकमेकींच्या जागी असतात.

चित्र काळं-पांढरं का येतं

या एका तक्रारीची कारणं बरीच आहेत. ती वेगळी करायची सोपी युक्ती म्हणजे प्लेअरचा स्वतःचा मेनू किंवा व्हीसीआरचा निळा पडदा बघणे. तो रंगीत दिसतोय आणि फक्त टेप काळी-पांढरी आहे, तर दोष टेपचा किंवा तिच्या रंगपद्धतीचा. निळा पडदाच राखाडी दिसत असेल, तर रंग वाटेतच गळतोय.

वाटेत रंग गळण्याचं आजचं मुख्य कारण म्हणजे सामाईक सॉकेट. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच टीव्हींना वेगळं पिवळं सॉकेट नसतंच. हिरव्या सॉकेटभोवती अर्धी पिवळी कड असते किंवा खाली 'वाय/व्हिडिओ' लिहिलेलं असतं. व्हीसीआरची पिवळी पिन त्याच हिरव्या सॉकेटमध्ये लावायची असते. निळं सॉकेट आणि चित्राचं लाल सॉकेट रिकामं राहतं. एवढं करूनही चित्र काळं-पांढरं आलं तर टीव्ही त्या सॉकेटवर कॉम्पोनंट सिग्नलची वाट बघतोय. सोर्सच्या यादीत 'कॉम्पोनंट' सोडून 'एव्ही' निवडा. उलटंही घडतं: प्लेअरची फक्त हिरवी तार जोडली आणि निळी-लाल राहिली, तरी काळं-पांढरंच दिसेल, कारण हिरव्या तारेत उजेड-अंधाराची माहिती असते, रंगाची उरलेल्या दोघींत.

एस-व्हिडिओचं गोल, चार पिनांचं सॉकेट असेल तर तिथेही हाच प्रकार आहे. उजेड एका तारेने जातो, रंग दुसरीने. टीव्हीवर एस-व्हिडिओऐवजी साधं एव्ही निवडलेलं राहिलं किंवा चारांतली एक बारीक पिन वाकली की रंग जातो. वाकलेली पिन चिमट्याने हलकेच सरळ करता येते. दोनदा-तीनदा वाकवली तर मोडते.

आता रंगपद्धती. अमेरिका, जपानसारख्या देशांतल्या एनटीएससी पद्धतीत चित्राच्या ५२५ ओळी आणि सेकंदाला सुमारे ६० फील्ड (म्हणजे अर्धी-अर्धी चित्रं) असतात, भारतातल्या पालमध्ये ६२५ ओळी आणि ५० फील्ड. रंग वाहून नेणाऱ्या लहरीही वेगळ्या: एनटीएससीत ३.५८ मेगाहर्ट्झ, पालमध्ये बहुतेक ठिकाणी ४.४३. परदेशातून आलेली कॅसेट त्यामुळेच कधी काळी-पांढरी दिसते, कधी वर-खाली पळते, कधी आवाज हळू किंवा भरभर येतो. टीव्हीच्या मेनूत 'कलर सिस्टिम' नावाचं सेटिंग असेल तर ते 'ऑटो'वर ठेवा. व्हीसीआरच्या मागे किंवा मेनूत पद्धत बदलायचा खटका असू शकतो. यंत्र एकाच पद्धतीचं असेल तर दुसऱ्या पद्धतीची कॅसेट त्यात नीट चालणार नाही, जोडणी कशीही करा. डीव्हीडी प्लेअर इथे बरेच समजूतदार असतात; त्यांच्या मेनूत 'पाल', 'एनटीएससी' आणि 'मल्टी' असे पर्याय असतात.

टीव्हीला तीन सॉकेटंच नाहीत, एकच बारीक भोक आहे

पातळ टीव्हींमध्ये जागा वाचवायला ३.५ मिलिमीटरचं एकच 'एव्ही इन' भोक देतात. त्यात हेडफोनसारखी पिन जाते आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला तीन रंगीत सॉकेट निघतात. त्या पिनेवर चार पट्टे असतात, पण कुठल्या पट्ट्यावर चित्र आणि कुठल्यावर अर्थ (ग्राउंड) हे सगळ्या वायरींत सारखं नसतं. जुन्या कॅमकॉर्डरची वायर दिसायला हुबेहूब तशीच असते आणि टीव्हीत घातली की घुर्रर्र आवाज आणि काळा पडदा. पिवळीच्या जागी लाल किंवा पांढरी पिन चित्रासाठी लावून बघा. नुसती तारांची अदलाबदल असेल तर चित्र येईल. अर्थचा पट्टाच वेगळा असेल तर या युक्तीने काम होणार नाही. टीव्हीच्या मॉडेलसाठीचीच वायर घ्या.

पिन पूर्ण आत गेली आहे ना, तेही बघा. टीव्हीच्या प्लास्टिकच्या खोबणीत जाड टोकाची पिन अर्धीच बसते.

अँटेनाच्या वायरीवरच जगणारी यंत्रं

काही जुन्या टीव्हींना एव्ही सॉकेटच नाही आणि काही जुन्या व्हीसीआरची एव्ही सॉकेट मेलेली असतात. मग उरते अँटेनाची जाड वायर. व्हीसीआर इथे स्वतःच एक छोटं प्रक्षेपण केंद्र बनतो आणि एका ठरावीक चॅनेलवर चित्र पाठवतो. एनटीएससी प्रदेशातल्या बहुतेक यंत्रांत हा चॅनेल ३ किंवा ४ असतो, मागे बारीक खटका असतो. पाल प्रदेशातल्या बऱ्याच यंत्रांत तो यूएचएफ ३६ च्या आसपास असतो आणि मागच्या स्क्रूने थोडा पुढे-मागे सरकवता येतो.

कॅसेट चालू ठेवून मगच टीव्हीवर चॅनेल शोध सुरू करा, नाहीतर शोधायला तिथे काही नसतंच. शोध 'अ‍ॅनालॉग' हवा. फक्त 'डिजिटल' निवडला तर टीव्ही व्हीसीआरवरून सरळ पुढे निघून जाईल. तुमच्या टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनरच (चॅनेल पकडणारा भाग) नसेल तर ही वाट बंद आहे.

व्हीसीआरच्या रिमोटवर 'टीव्ही/व्हीसीआर' असं बटण असतं. ते 'टीव्ही'वर असलं की आलेली अँटेना जशीच्या तशी पुढे जाते आणि कॅसेटचं चित्र येत नाही. 'व्हीसीआर'वर असलं की उलट. ज्यांच्याकडे चित्र 'काल येत होतं, आज येत नाही' असं होतं, त्यांनी पहिल्यांदा हे बटण तपासावं.

केबल बॉक्सला कुठे बसवायचं

पूर्वी भिंतीतून आलेली केबल आधी व्हीसीआरमध्ये, तिथून टीव्हीत अशी जायची आणि व्हीसीआरचा स्वतःचा ट्यूनर चॅनेल लावायचा. केबल डिजिटल झाली आणि ते संपलं. व्हीसीआरच्या ट्यूनरला डिजिटल चॅनेल कळत नाहीत, म्हणून भिंतीची केबल आता सरळ बॉक्समध्ये जायला हवी. चॅनेल बॉक्सच्या रिमोटने बदलायचा. व्हीसीआरवर चॅनेल बदलत बसण्यात अर्थ नाही.

माझी पसंती अशी: बॉक्सचं एचडीएमआय सरळ टीव्हीत, व्हीसीआर टीव्हीच्या एव्हीवर, डीव्हीडी प्लेअर जमल्यास तिसऱ्या इनपुटवर. प्रत्येक यंत्राची टीव्हीपर्यंत स्वतंत्र वाट असली की एक बिघडलं तरी दुसरं चालतं, आणि कोण बिघडलं तेही लगेच कळतं.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर बॉक्सचा एव्ही 'आउट' व्हीसीआरच्या 'इन'ला जोडा आणि व्हीसीआरवर चॅनेलच्या आकड्यांच्या खाली-वर जाऊन 'एल१', 'ऑक्स' किंवा 'एव्ही१' निवडा. हे निवडायचं राहिलं म्हणजे कॅसेटवर मुंग्या रेकॉर्ड होतात. बॉक्सवर तो चॅनेल लागलेला असायला हवा आणि बॉक्स पूर्ण वेळ चालू राहायला हवा. साध्या बॉक्सवर एक चॅनेल रेकॉर्ड करताना दुसरा बघता येत नाही.

काही बॉक्सवर एचडीएमआय आणि एव्ही दोन्ही एकाच वेळी चालतात, काहींवर नाहीत. एव्हीतून काळा पडदा येत असेल तर एचडीएमआयची वायर काढून बॉक्स एकदा बंद-चालू करून बघा, आणि मेनूत रिझोल्यूशन खाली आणून बघा.

अंधारतं-उजळतं चित्र: डीव्हीडी प्लेअर व्हीसीआरमधून नेऊ नका

टीव्हीला एकच एव्ही इनपुट, यंत्रं दोन. मग डीव्हीडी प्लेअरचा 'आउट' व्हीसीआरच्या 'इन'ला आणि व्हीसीआरचा 'आउट' टीव्हीला, अशी साखळी करायचा मोह होतो. वायरी सगळ्या बरोबर लागतात, चित्र येतंही, आणि मग ते श्वास घेतल्यासारखं अंधारायला-उजळायला लागतं. रंग फिके होतात, वरचा भाग वाकतो, कधी चित्र फाटतं. लोक वायर बदलतात, महाग वायर आणतात, प्लेअर दुरुस्तीला देतात. दोष यांपैकी कशाचाच नाही.

हा मॅक्रोव्हिजनचा परिणाम आहे. १९८० च्या दशकात सिनेमाच्या कॅसेटची नक्कल रोखायला हे तंत्र आलं आणि पुढे डीव्हीडी प्लेअरच्या अ‍ॅनालॉग आउटमध्येही बसलं. चित्राच्या दोन फील्डच्या मध्ये, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींत, मुद्दाम खोटे कमी-जास्त उंचीचे ठोके घातलेले असतात. टीव्हीला त्यांनी सहसा फरक पडत नाही. पण सिग्नल किती तीव्र आहे ते मोजून स्वतःची पातळी आपोआप कमी-जास्त करणारं एक सर्किट व्हीसीआरमध्ये असतं, आणि ते या ठोक्यांनी फसतं. ठोका उंच दिसला की ते चित्र दाबतं, ठोका गेला की सोडतं.

लोकांना न पटणारी गोष्ट पुढे आहे: तुम्ही रेकॉर्ड करत नसलात तरी हे होतं. सिग्नल व्हीसीआरमधून नुसता जात असला, तरी तो त्याच सर्किटमधून जातो. म्हणून व्हीसीआरच्या मेनूत याचं उत्तर शोधू नका. डीव्हीडी प्लेअर सरळ टीव्हीला जोडा. इनपुट एकच असेल तर बटणांचा साधा एव्ही सिलेक्टर घ्या, ज्यात तीन-चार यंत्रं लागतात आणि एक वायर टीव्हीकडे जाते. टीव्ही आणि व्हीसीआर एकाच डब्यात असलेल्या संचात मात्र सिलेक्टरही वाचवत नाही, कारण त्याचं एव्ही इनपुट अनेकदा आतल्या व्हीसीआरमधूनच जातं.

डीव्हीडी आणि कॅसेट दोन्ही चालवणाऱ्या जोडयंत्राची तक्रार वेगळी असते: 'डीव्हीडी दिसते, कॅसेट दिसत नाही.' बऱ्याच मॉडेलांत कॉम्पोनंट आणि एस-व्हिडिओ आउट फक्त डीव्हीडीसाठी असतात आणि कॅसेटचं चित्र केवळ पिवळ्या सॉकेटमधून निघतं. दोन्ही वायरी लावा आणि टीव्हीवर दोन इनपुट वापरा. पुढच्या बाजूचं 'डीव्हीडी/व्हीसीआर' बटणही बघून घ्या.

एचडीएमआयचे कन्व्हर्टर

एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली नुसती वायर सगळीकडे विकायला असते. व्हीसीआर आणि टीव्हीच्या मध्ये ती काही करत नाही. एका बाजूला अ‍ॅनालॉग लहर आहे, दुसऱ्या बाजूला डिजिटल आकडे. तांब्याची तार हे भाषांतर करू शकत नाही. त्यासाठी आत सर्किट असलेला आणि वीज लागणारा डबा हवा.

डबा घेताना दिशा बघा. जुना व्हीसीआर नव्या टीव्हीला लावायचा तर 'एव्ही टू एचडीएमआय'. नवा केबल बॉक्स जुन्या टीव्हीला लावायचा तर 'एचडीएमआय टू एव्ही'. दोन्ही डबे सारखेच दिसतात आणि उलटे चालत नाहीत. वीज बहुतेकांना यूएसबीने मिळते. टीव्हीच्या यूएसबीतून पुरेशी मिळाली नाही तर चित्र येतं-जातं, म्हणून फोनच्या चार्जरवर लावून बघा.

इथेही पडदा बोलतो. टीव्हीवर 'नो सिग्नल' असेल तर कन्व्हर्टरला वीज नाही किंवा एचडीएमआयच्या बाजूला गडबड आहे. बरेच कन्व्हर्टर चालू असून त्यांना एव्ही मिळालं नाही की स्वतःचा निळा किंवा काळा पडदा पाठवतात. तो दिसला तर शोध व्हीसीआरच्या बाजूला. डब्यावरचा ७२०/१०८० चा खटका फक्त बाहेर जाणाऱ्या चित्राचा असतो. १०८० वर ठेवल्याने कॅसेटमधला तपशील वाढत नाही.

डीव्हीडीचं चित्र एकदम दुभंगलं

जुन्या जाड टीव्हीवर कॉम्पोनंटने छान चाललेला डीव्हीडी प्लेअर एखादं बटण दाबल्यावर दोन-दोन चित्रं किंवा वेडेवाकडे पट्टे दाखवायला लागतो. बहुधा 'प्रोग्रेसिव्ह स्कॅन' (अर्ध्या-अर्ध्याऐवजी पूर्ण चित्र एकदम पाठवायची पद्धत) चालू झालेला असतो आणि जुन्या टीव्हीला तो झेपत नाही. गंमत अशी की बंद करायचा मेनूही आता दिसत नाही. पिवळी वायर जोडा, अनेक प्लेअरवर त्यातून मेनू दिसतो. पुढच्या बाजूला किंवा रिमोटवर 'पी-स्कॅन' बटण असेल तर तेच पुन्हा दाबा.

चित्र आलं, पण नव्या टीव्हीवर वाईट दिसतं

तळाशी वळवळणारी पांढरी-काळी पट्टी हा बिघाड नाही. व्हीएचएसमध्ये, म्हणजे नेहमीच्या व्हिडिओ कॅसेटच्या पद्धतीत, दोन हेड आळीपाळीने वाचतात आणि ही त्यांच्या अदलाबदलीची जागा. जुने टीव्ही चित्राच्या कडा पडद्याबाहेर ढकलत, त्यामुळे ती दिसत नसे. सपाट टीव्ही पूर्ण चित्र दाखवतो.

वरचा भाग एका बाजूला वाकणं, किंवा कॅसेट पुढे पळवताना टीव्हीने मध्येच 'नो सिग्नल' म्हणणं, हे टेपच्या डळमळीत वेळेमुळे होतं. जुना जाड टीव्ही तेवढं पोटात घालत असे, सपाट टीव्हीचं डिजिटल सर्किट मात्र लगेच हात वर करतं. टाइम बेस करेक्टर हे त्यावरचं खास यंत्र. ते नसेल तर काही डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नेल्यानेही चित्र बरंच स्थिर होतं. फक्त सिनेमाच्या विकतच्या कॅसेटवर मॅक्रोव्हिजन असेल तर रेकॉर्डर अडवू शकतो.

आवाज

एकाच स्पीकरमधून आवाज येत असेल तर व्हीसीआर बहुधा मोनो (एकाच तारेतून आवाज देणारा) आहे. त्याची एकमेव पिन टीव्हीच्या पांढऱ्या सॉकेटमध्ये लावा; त्याखाली 'एल/मोनो' लिहिलेलं असेल तर दोन्ही स्पीकर चालतील. नसेल तर एकाचे दोन करणारा जोड लावा.

हाय-फाय व्हीसीआरवर आवाज मध्येच फुटतो, बझ करतो आणि परत ठीक होतो, तेव्हा 'ऑडिओ' सेटिंग 'नॉर्मल' किंवा 'लिनियर'वर न्या. हाय-फाय आवाज फिरत्या हेडवर वाचला जातो आणि ट्रॅकिंग जरा हललं की बिघडतो. साधा आवाज टेपच्या कडेला वेगळ्या स्थिर हेडने वाचला जातो, तो टिकून राहतो.

सतत खालच्या सुरात घूं आवाज आणि चित्रावर हळूहळू वर सरकणारा आडवा पट्टा असेल, तर बॉक्समधून केबलची जाड वायर काढून बघा. लगेच थांबलं तर केबलचा अर्थ आणि घरातला अर्थ यांच्यात फेर पडलेला आहे. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर लावा. तरीही राहिलं तर केबलच्या वायरीत ग्राउंड आयसोलेटर (केबलच्या अर्थची वाट तोडणारा छोटा जोड) बसवा. प्लगची अर्थ पिन कापणं किंवा काढणं हा उपाय नाही, त्यात शॉक बसण्याचा धोका आहे.

वायरी निर्दोष ठरल्यावर

अक्षरं स्वच्छ, चित्र मात्र मुंग्यांचं, हे पुन्हा दिसलं तर आधी ट्रॅकिंगचं बटण दोन्ही बाजूंना सावकाश फिरवा. मग दुसरी, हमखास चांगली कॅसेट घालून बघा. तीही तशीच आली तर हेड पुसायची वेळ आली. प्लग काढा आणि थोडा वेळ थांबून मगच झाकण उघडा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेलं, धागे न सुटणारं कापड किंवा चामड्याचा तुकडा ड्रमला आडवा टेकवून धरा आणि ड्रम हाताने फिरवा. उभं कधीही घासू नका, हेडचं बारीक टोक मोडतं. कापसाची काडीही नको, तिचे धागे टोकात अडकतात. पूर्ण वाळेपर्यंत कॅसेट घालू नका.

व्हीएचएस १९७६ मध्ये जेव्हीसीने बाजारात आणलं आणि शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं. नवं यंत्र मिळणार नाही, तेव्हा मोडलेल्या हेडला पर्याय म्हणजे दुसऱ्या जुन्या यंत्राचे सुटे भाग. म्हणून कॅसेट आत सरकवण्याआधी तिच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे एकदा बघा. कडेवर पांढरट भुरा किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. ती कॅसेट वेगळी काढून ठेवा. एकदा आत गेली की बुरशी हेडवर चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर पसरते.